पन्नास मीटर फ्रीस्टाइल, वर्ग तीन

'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आमच्या युनिटमध्ये दाखवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पीटी ग्राउंडवर एका हवालदाराने मोबाइल पुढे केला. त्याने १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकचा निकाल शोधून काढला होता. पुरुष, ५० मीटर फ्रीस्टाइल, ३. पहिला क्रमांक मुरलीकांत पेटकर, भारत, वेळ ३७.३३ सेकंद. त्या वेळचा जागतिक विक्रम. "साब, ये तीन क्या है? तीसरी हीट?"

सुवर्णपदक सगळ्यांना ठाऊक झालंय. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक मिळून भारताचं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पण त्या तीनबद्दल विचारणारा मला हा पहिलाच भेटला. उत्तर द्यायला पाच मिनिटं पुरली नाहीत, म्हणून हा लेख.

सध्या माझं पोस्टिंग सिकंदराबादला आहे. ईएमई कोअरचं मोठं सेंटर याच गावात, आणि पेटकर ईएमईचे. त्यामुळे इथे त्यांचं नाव आलं की लोक जरा ताठ बसतात. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा मुलगा, फौजेत क्राफ्ट्समन, नावाजलेला बॉक्सर. १९६५ च्या युद्धात हवाई हल्ल्यात गोळ्या लागल्या, त्यातली एक पाठीच्या कण्यात रुतली आणि कमरेखालचं शरीर गेलं. मुंबईच्या आयएनएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. १९६८ ला तेल अवीवच्या स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. भारताचं ते पहिलंच पॅरालिम्पिक. चार वर्षांनी हायडेलबर्ग. तिथे ते पोहण्याशिवाय भालाफेक आणि व्हीलचेअरच्या स्लालम शर्यतीतही उतरले होते. परदेशी जाण्याच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा हातभार लागला. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी, २०१८ साली पद्मश्री आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्कार. बाकी सिनेमात आहे, काही जास्तीचंही आहे.

आता तीनकडे.

हा आकडा समजायला १९४४ च्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. लुडविग गुटमन हे ब्रेस्लाऊचे ज्यू न्यूरोलॉजिस्ट. १९३९ साली जर्मनीतून निसटून ते इंग्लंडला आले. नॉर्मंडीवर उतरण्याची तयारी चालू होती, कणा मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार हे सरकारला दिसत होतं. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मॅंडेविल रुग्णालयात त्यांच्यासाठी केंद्र उघडलं आणि ते गुटमनच्या ताब्यात दिलं. (आपलं पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटरही त्याच वर्षीचं. त्या वर्षी जगभरातल्या फौजा आपल्या लंगड्या झालेल्या माणसांचं काय करायचं याचा विचार करत होत्या असं दिसतं.) त्याआधी असा जखमी बहुधा काही महिन्यांत जायचा. कण्याच्या जखमेने कमी, पाठीच्या बेडसोअरने आणि लघवीच्या इन्फेक्शनने जास्त. गुटमनने दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायला लावली. मग त्याला उठवून बसवलं, आणि मग खेळायला लावलं. २९ जुलै १९४८, ज्या दिवशी लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा माजी सैनिकांनी तिरंदाजीचा सामना खेळला. त्यात दोन स्त्रिया होत्या. पॅरालिम्पिकची जन्मकहाणी ती ही.

सोळा जण असताना ठीक. संख्या वाढली आणि प्रश्न आला तो हा, की कोणी कोणाशी खेळायचं? मानेपाशी कणा मोडलेल्याला बोटंही मिटता येत नाहीत. कमरेपाशी मोडलेला हाताच्या जोरावर झाडावर चढेल. दोघं व्हीलचेअरवरच बसतात. गुटमन डॉक्टर, त्यांनी डॉक्टरी उत्तर दिलं: जखम कण्यात किती उंचीवर आहे त्यावरून वर्ग ठरवा. मानेच्या जखमा वर्ग एक, त्यातही तीन पोटभाग. छातीच्या वरच्या मणक्यांची जखम असेल, म्हणजे हात चांगले पण धड सावरत नाही, तो वर्ग दोन. त्याच्या खालच्या मणक्यांची, म्हणजे पोटाचे वरचे स्नायू चालतात आणि खालचे नाहीत, तो तीन. पुढे चार आणि पाच. पोहण्यासाठी आणखी एक सहावाही होता. १९६० च्या रोममध्ये तर जखम पूर्ण की अपूर्ण याच्याही वेगवेगळ्या शर्यती लावल्या होत्या.

म्हणजे हायडेलबर्गच्या वर्ग तीनच्या शर्यतीत जे जे उतरले, त्या सगळ्यांचा कणा साधारण एकाच पट्ट्यात जखमी झालेला होता. हात आणि खांदे शाबूत, पोट अर्धं, पाय नाहीत. पाण्यात याचा अर्थ काय होतो ते पोहणाऱ्याला सांगायला नको. पाय मारले की ढकलायला मदत होते ती थोडी, मुख्य म्हणजे कंबर वर राहते. पाय गेले की मागचा भाग खाली लोंबतो आणि माणूस पाण्यात तिरका होऊन ओढला जातो. एखाद्याने मागून ओलं गोणपाट बांधावं तसं. पोटाच्या स्नायूंनी कंबर उचलावी, तर तेही अर्धेच. मग डोकं खाली दाबून, श्वास कमी घेऊन, सगळं खांद्यांवर काढायचं. पेटकरांचे खांदे बॉक्सरचे होते. माझ्या मते ३७.३३ मध्ये त्या खांद्यांचा वाटा मोठा आहे.

इथे फौजी माणसाला खटकेल अशी एक गोष्ट आहे. हायडेलबर्ग १९७२ च्या ऑगस्टमध्ये झालं. बांगलादेशचं युद्ध संपून आठ महिने झाले होते. आपल्या रुग्णालयांत सुरुंगावर पाय गेलेले कितीतरी जवान होते. त्यांच्यातला कोणी पेटकरांपेक्षा जोरात पोहला असता तरी त्याला हायडेलबर्गला जागा नव्हती. ती स्पर्धा कणा जखमी असलेल्यांची आणि व्हीलचेअरवरच्यांची होती, पाय कापलेल्यांची नव्हती. अंधांसाठी तिथे नुसती प्रात्यक्षिकं झाली. पाय कापलेले आणि दृष्टिहीन खेळाडू १९७६ ला टोरांटोत आले, सेरेब्रल पाल्सीचे १९८० ला आर्नहेममध्ये. या दोन्ही वेळी भारताने संघ पाठवला नाही. १९८४ ला आपण परत गेलो, तोवर एकाहत्तरचे जवान चाळिशीकडे झुकले होते. एका पिढीची संधी अशी दोन्हीकडून हुकली. त्याबद्दल कुठे काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

दारं उघडली तसा गोंधळही वाढला. कणावाल्यांची संघटना वेगळी, अवयव कापलेल्यांची वेगळी, सेरेब्रल पाल्सीची वेगळी, अंधांची वेगळी. प्रत्येकीचा स्वतःचा तक्ता. कापलेल्या अवयवांचेच नऊ वर्ग. १९८८ च्या सेऊलमध्ये नुसत्या पोहण्याच्या अडीचशेच्या वर शर्यती झाल्या. काही शर्यतींत पदकं तीन आणि पोहणारे जेमतेम तेवढेच. अशा पदकाला किंमत कोण देणार?

म्हणून १९९२ च्या बार्सिलोनात पोहण्याचं वर्गीकरण उलटं केलं. रोग कोणता, अवयव कधी गेला, हे विचारायचं नाही. पाण्यात हे शरीर किती काम करतं, एवढंच मोजायचं. त्या मोजमापातून शारीरिक अपंगत्वाचे दहा वर्ग निघाले, एस-१ ते एस-१०. एस-१ ला हालचाल सगळ्यात कमी, एस-१० ला सगळ्यात जास्त. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायला एस. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांवर जास्त काम येतं, म्हणून त्याचा हिशोब वेगळा: एसबी, आणि त्यात नऊच वर्ग. चारही स्ट्रोकच्या मेडलेला एसएम. दृष्टिहीनांचे एस-११ ते एस-१३. एस-११ च्या सगळ्यांना काळा गॉगल घालावा लागतो, कारण कोणाला थोडा उजेड दिसतो, कोणाला तेवढाही नाही. भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीने डोक्याला किंवा पाठीला टोचून इशारा देतो. बौद्धिक अक्षमतेचा एस-१४.

हिशोब कसा होतो तेही सांगतो, कारण फौजेच्या माणसाला फॉर्म भरायची सवय असते, त्याला यात गंमत वाटेल. आधी टेबलावर तपासणी. एकेका स्नायूची ताकद शून्य ते पाच, सांधा किती वळतो, हातापायाची लांबी किती. मग पाण्यात पोहून दाखवायचं. मग स्पर्धेत पोहताना पाहतात, टेबलावर आणि शर्यतीत एकच माणूस आहे ना, हे ताडून बघायला. एस वर्गासाठी पूर्ण धडधाकट शरीराचे गुण ३००. त्यात हातांचे १३०, पायांचे १००, धडाचे ५०, स्टार्टचे १० आणि टर्नचे १०. ब्रेस्टस्ट्रोकला एकूण २९०, आणि तिथे पायांचे गुण हातांपेक्षा जास्त: १२० आणि ११०. तुमचे एस गुण २८५ पेक्षा जास्त भरले तर तुम्ही या स्पर्धेत बसत नाही. २६६ ते २८५ म्हणजे एस-१०. तिथून पंचवीस-पंचवीस गुणांची पायरी खाली उतरत जाते, आणि सगळ्यात तळाशी ४० ते ६५ म्हणजे एस-१.

यातून शर्यतीचं चित्रच पालटलं. चीनच्या झेंग ताओला दोन्ही हात नाहीत. बॅकस्ट्रोकच्या स्टार्टला तो दातांत टॉवेल धरून लोंबकळतो आणि शर्यत संपताना भिंतीवर डोकं आपटतो. टोकियोत त्याने चार सुवर्णं घेतली, वर्ग एस-५. आज कमरेखाली लुळा असलेला, पण हात धड असलेला पोहणारा बऱ्याचदा याच एस-५ च्या आसपास येतो. म्हणजे १९७२ ला पेटकरांच्या शेजारच्या लेनमध्ये त्यांच्यासारखेच होते. आज त्यांच्या शेजारी हातच नसलेला, पायांनी आणि धडाने मासोळीसारखा जाणारा माणूस असू शकतो. आधी बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं. दोन-तीन शर्यती पाहिल्या की विचित्र वाटेनासं होतं, कारण शेवटच्या पाच मीटरमध्ये सगळे खरोखरच एका ओळीत येतात.

आता थोडं आमच्या घरचं. फौजेतही वर्गीकरण आहे आणि योगायोगाने तेही एस ने सुरू होतं. शेप. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकूण शारीरिक क्षमता, ई म्हणजे डोळे. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडा. सगळीकडे एक असेल तर तुम्ही शेप-वन, तुम्हाला सियाचेनला पाठवा, कोर्सला पाठवा, प्रमोशन बोर्डापुढे न्या. कुठेही एकच्या जागी दुसरा आकडा आला की तुम्ही लो मेडिकल कॅटेगरी, आमच्या भाषेत एलएमसी. शेपचा आकडा सांगतो की या माणसाला कुठे पाठवायचं नाही. त्याची गरज आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उंचीवर नको असलेला माणूस उंचीवर पाठवला तर त्याचं उत्तर मलाच द्यावं लागतं. पण एस-१० किंवा एस-५ हा आकडा सांगतो की या माणसाने कोणाशी झुंजायचं. दोन्हीकडे तोच डॉक्टर, तेच गुडघ्यावर हातोडी मारणं, आणि तरी कागद दोन.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका स्टेशनवर माझ्याकडे एक नायक आला. मूळचा आलप्पुळाच्या बाजूचा, पाण्यातच वाढलेला. ताबारेषेवर सुरुंगावर त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला होता. स्टेशनच्या पूलवर कृत्रिम पाय काठावर काढून ठेवायचा आणि तासभर पोहायचा. एकदा मी स्टॉपवॉच घेऊन बसलो. पन्नास मीटरला चौतीस सेकंद आले. मी त्याला पेटकरांचे ३७.३३ सांगितले. त्याचा चेहरा असा फुलला, की मला लगेच पुढचं सांगावंसं वाटेना. पण सांगावं लागलंच. गुडघ्याखाली एकच पाय गेलेला माणूस आजच्या हिशोबात बहुधा एस-१० मध्ये बसतो. आणि एस-१० चे जगातले अव्वल पुरुष पन्नास मीटर २३ सेकंदांच्या आसपास संपवतात.

तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने विचारलं, "साब, तीन सौ में से मेरा कितना कटा?" मी म्हटलं, एस-१० म्हणजे पंधरा ते चौतीसच्या मध्ये कुठेतरी. तो म्हणाला, "बोर्ड में तो लगा आधा आदमी रह गया. यहाँ बोलते हैं थोड़ा ही कटा है." हे तो रागाने म्हणाला की समाधानाने, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पहाटे पाचला पूलवर होता.

वर्षभरात त्याने वेळ एकतिसावर आणली. त्यापुढे हटेना. त्याच्यात काही कमी नव्हतं. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि त्याला शिकवायला कोणी नव्हतं. गावच्या कालव्यात पोहायला शिकलेल्या माणसाचा हात पाण्यात कसा शिरतो, ती सवय तिशीत मोडणं फार अवघड. मला इथे जे दिसलं ते असं. वर्गीकरण शरीराची बरोबरी करतं, बाकी कशाचीच करत नाही. पेटकरांच्या काळात शेजारच्या लेनमधलेही बहुतेक त्यांच्यासारखेच होते, मोठेपणी जखमी झालेले आणि उपचारासाठी पाण्यात उतरलेले. आजचा एस-१० चा पोहणारा लहानपणापासून क्लबमध्ये असतो, रोज कित्येक किलोमीटर पोहतो. सैनिक जखमी होतो तो पंचविशी-तिशीत. पोहण्याची खिडकी तेव्हा बरीचशी मिटलेली असते.

गोळाफेकीत तसं नाही. खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या सेंटरमध्ये २०१७ पासून आर्मी पॅरालिम्पिक नोड आहे. तिथे तयार झालेले हवालदार होकाटो होटोझे सेमा नागालँडचे, २००२ साली जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगस्फोटात त्यांचा पाय गेला. गोळाफेक सुरू केली तेव्हा ते बत्तिशीत होते, आणि पॅरिसला चाळिशीत एफ-५७ वर्गात १४.६५ मीटर टाकून कांस्य घेतलं. बसून टाकायचा खेळ, खांदे आणि पाठ लागते, आणि ती तिशीतही बांधता येते. त्यामुळे फौजेतले आपले जखमी मैदानावर दिसतात आणि पाण्यात फारसे दिसत नाहीत, हे मला समजण्यासारखं वाटतं. पॅरिसला भारताने २९ पदकं आणली, त्यात पोहण्याचं एकही नाही. हायडेलबर्गनंतर पॅरालिम्पिकच्या तलावात आपल्याला पदकच मिळालेलं नाही.

याचा अर्थ पोहणारे नाहीत असा नाही. कोलकात्याच्या प्रशांत कर्माकारने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत एस-९ मध्ये कांस्य घेतलं. बंगळूरचा शरथ गायकवाड २०१२ ला लंडन पॅरालिम्पिकला गेला आणि २०१४ च्या इंचॉन पॅरा आशियाई स्पर्धेत त्याने एकट्याने सहा पदकं आणली. करमाळ्याच्या सुयश जाधवने लहानपणी विजेच्या धक्क्यात दोन्ही हात गमावले. २०१८ च्या पॅरा आशियाई स्पर्धेत एस-७ च्या ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने सुवर्ण घेतलं, पुढे टोकियो आणि पॅरिसही पोहला. विदर्भाची कांचनमाला पांडे, जन्मापासून अंध, २०१७ ला मेक्सिकोत जागतिक स्पर्धेत एस-११ च्या २०० मीटर मेडलेत पहिली आली. यांच्यात एक समान गोष्ट आहे. हे सगळे लहान वयात पाण्यात आले.

वर्गीकरणावर भांडणं होतात, आणि ती होणारच. जिथे एका आकड्याने पदक मिळतं किंवा जातं तिथे माणूस आकड्याशी खेळणार. २००० च्या सिडनीत स्पेनच्या बौद्धिक अक्षमतेच्या बास्केटबॉल संघातल्या बारापैकी दहा जणांना तसली काही अक्षमता नव्हतीच असं उघड झालं. त्याची शिक्षा सगळ्या खेळांतल्या प्रामाणिक खेळाडूंना झाली. एस-१४ चे पोहणारे २०१२ पर्यंत पॅरालिम्पिकबाहेर राहिले. टोकियोत आपल्याही एका थाळीफेकपटूचं कांस्य तो त्या वर्गात बसत नाही म्हणून काढून घेतलं गेलं. आणि काही वेळा कोणाचीच लबाडी नसते. ब्राझीलचा आंद्रे ब्राझील, लहानपणी पोलिओने डावा पाय अधू झालेला, एस-१० चा बादशहा, पॅरालिम्पिकची सात सुवर्णं. नियम बदलले, २०१९ ला पुन्हा तपासणी झाली, आणि त्याला सांगितलं गेलं की आता तू पात्र नाहीस. पाय तोच होता, मोजपट्टी बदलली होती. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटतं. पण ज्यांना त्याच्या शेजारच्या लेनमध्ये पोहावं लागलं त्यांचं म्हणणं काय असेल, तेही कळतं.

आमच्या नायकाने पदकाचा नाद सोडला, पूल सोडला नाही. संध्याकाळी तो स्टेशनच्या मुलांना शिकवायला लागला. त्यात एका हवालदाराची नऊ वर्षांची मुलगी होती, डाव्या हाताला जन्मतःच पंजा नाही. तोवर तिला पीटीच्या तासाला बसवून ठेवायचे. तिच्या वडिलांनी मला विचारलं की पुढे काय करायचं. त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो, कारण असे वडील प्रत्येक स्टेशनवर आहेत आणि कोणाकडे विचारायचं हे त्यांना माहीत नसतं.

पहिलं म्हणजे यूडीआयडी कार्ड काढा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे सरकारी सवलतींसाठी अपंगत्व किमान चाळीस टक्के लागतं, पण ते टक्के आणि पोहण्याचे गुण यांचा एकमेकांशी संबंध नाही. टक्के कमी भरले म्हणून मुलगी शर्यतीत बसणार नाही असं समजू नका, आणि जास्त भरले म्हणून बसेलच असंही नाही. फौजेच्या मेडिकल बोर्डाचा कागदही तिथे वर्ग ठरवत नाही, जवानांनीही हे लक्षात ठेवावं. निदानाचे मूळ कागद, एक्स-रे, ऑपरेशनची टिपणं नीट जपून ठेवा. राज्याच्या पॅरा स्विमिंग संघटनेमार्फत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाता येतं, आणि तिथे राष्ट्रीय पातळीवरचा वर्ग मिळतो. परदेशी स्पर्धेसाठी तो पुरत नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठराविक मान्य स्पर्धांच्या आधी होतं, ते करणारं पॅनल वेगळं असतं, आणि तिथवर जाण्याचा खर्च हीच बऱ्याच घरांची खरी अडचण असते. तो खर्च कुठून येईल याचा विचार आदल्या वर्षीच सुरू करा.

तपासणीच्या दिवशी मुलीला जेवढं येतं तेवढं पूर्ण करू द्या. खालचा वर्ग मिळावा म्हणून हात दुखतोय असं सांग, हे तिला शिकवू नका. शर्यतीत पाहणारे तेच असतात आणि त्यांना कळतं. मुद्दाम फसवल्याचं सिद्ध झालं तर बंदी येते.

आणि पहिल्यांदा जो वर्ग मिळेल तो कायमचा धरू नका. मुलाचं शरीर वाढत असतं, हाताची लांबी आणि ताकद बदलते, म्हणून कागदावर वर्गापुढे पुन्हा तपासणीचं वर्ष लिहिलेलं असतं. ते वर्ष कॅलेंडरवर टिपून ठेवा. मधल्या काळात पोस्टिंग आलं, तर नव्या स्टेशनला पूल आहे का ते जॉइनिंग लेटर हातात पडायच्या आधी विचारून घ्या.